मामांची पोलो घेऊ की नको?

पत्र थोडक्यात असं आहे. वाचक मुलगी २९ वर्षांची, चिंचवडला राहते, नोकरी हिंजवडी फेज २ ला, आठवड्यातले तीन दिवस ऑफिस आणि बाकी घरून काम. तिचे कोल्हापूरचे मामा त्यांची २०१५ ची फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय विकतायत, १ लाख १० हजार किलोमीटर झालीये, भाचीला साडेतीन लाखात द्यायला तयार आहेत. मामा म्हणतात इतक्या वर्षांत गाडीने एकदाही रस्त्यात सोडलं नाही. ऑफिसमधल्या एका मित्राकडे हीच गाडी २०१४ ची आहे, तो वाकडला राहतो, गाडी फक्त ६० हजार किलोमीटर चाललीये आणि तरी गिअरबॉक्स दोनदा उघडावा लागला, दुसऱ्यांदा खर्च लाखाच्या वर गेला, तो म्हणतो फुकट मिळाली तरी घेऊ नकोस. वडील म्हणतात जर्मन गाडी म्हणजे पांढरा हत्ती, आणि मुलीला एवढी पळणारी गाडी हवी कशाला, साधी मारुती घे. नेटवर वाचायला जावं तर अर्धे लोक गाडी डोक्यावर घेतात आणि अर्धे शिव्या घालतात. "दादा, ही गाडी भरवशाची आहे की नाही ते हो किंवा नाहीमध्ये सांगा, आणि या सगळ्यात खोटं कोण बोलतंय तेही सांगा."

खोटं कोणीच बोलत नाहीये गं. मामा खरं सांगतायत, तुझा तो मित्रही खरं सांगतोय, आणि दोघांच्या अनुभवात एवढं अंतर का पडलं हे एकदा कळलं की तुझा अर्धा गोंधळ तिथेच सुटेल. हो किंवा नाही पण सांगतो, टाळणार नाही, फक्त त्याआधी जरा खोलात जाऊया कारण तुझ्यासारखी पत्रं बरीच येतात आणि सगळ्यांचा प्रश्न फिरून फिरून हाच असतो.

आधी हे बघ की लोक 'पोलो जीटी' म्हणून ज्याच्याबद्दल बोलतात ती एकच गाडी नाहीये. पोलो आपल्या चाकणलाच बनायची, २०१० मध्ये आली आणि २०२२ मध्ये बंद झाली, आणि या बारा वर्षांत बाहेरून जवळपास तशीच दिसणाऱ्या गाडीत आतली यंत्रं पार बदलत गेली. मामांची जी आहे ती जीटी टीएसआय २०१३ मध्ये आली, १.२ लिटरचं चार सिलिंडरचं टर्बो पेट्रोल इंजिन, १०५ पीएस ताकद, १७५ एनएम टॉर्क आणि सोबत सात गिअरचा डीएसजी, म्हणजे दोन क्लचवाला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. त्याच वर्षी जीटी टीडीआय पण आली, ती डिझेल आणि तिला साधा पाच गिअरचा मॅन्युअल. मग एप्रिल २०२० ला बीएस ६ हा धुराचा कडक नियम लागू झाला तेव्हा डिझेल गेलं, १.२ टर्बोही गेलं, आणि त्याजागी १ लिटरचं तीन सिलिंडरचं ११० पीएसचं टीएसआय आलं, त्याला सहा गिअरचा मॅन्युअल नाहीतर सहा गिअरचा टॉर्क कन्व्हर्टर ऑटोमॅटिक (क्लचऐवजी तेलातून इंजिनाची ताकद पुढे देणारा), म्हणजे डीएसजी पोलोमधून गेलाच. आता नेटवर कोणी लिहिलं की माझी जीटी दीड लाख चालली आणि गिअरबॉक्सला हात लावला नाही, तर तो माणूस डिझेल मॅन्युअलवाला असू शकतो, आणि कोणी लिहिलं टीएसआय ऑटोमॅटिक एकदम मक्खन चालतीये तर ती २०२१ ची असू शकते जिच्यात तुझ्या मामांच्या गाडीचा गिअरबॉक्सच नाहीये. त्यामुळे तू वाचलेल्या कौतुकातला आणि शिव्यांमधलाही बराच भाग तुझ्या प्रश्नाशी संबंधित नाही, वर्ष, इंजिन आणि गिअरबॉक्स ही तीन नावं ज्याने लिहिली नाहीत त्याचं मत सरळ बाजूला ठेव.

बरं, मामांची आणि मित्राची तर तंतोतंत एकच गाडी आहे, मग तिथे फरक का? तर त्या डीएसजीमुळे, आणि तो कसा चालतो हे समजून घेतलंस तर पुढचं सगळं सोपं आहे. त्यात क्लच दोन असतात, एक १, ३, ५, ७ या गिअरसाठी आणि दुसरा २, ४, ६ आणि रिव्हर्ससाठी. तू तिसऱ्यात असतेस तेव्हा चौथा दुसऱ्या बाजूला आधीच लागून तयार असतो, एक क्लच सुटतो दुसरा धरतो, झालं, झटका नाही, वेळ नाही. हायवेवर ओव्हरटेक करताना जी मजा येते ती याचीच, आणि ज्यांनी ही गाडी चालवलीये ते तिच्या प्रेमात का पडतात हे मला अगदी मनापासून समजतं. पण या गाडीतले हे दोन्ही क्लच कोरडे आहेत, म्हणजे तेलात बुडालेले नाहीत, तापले की थंड व्हायला वेळ लागतो. पेडल नसलं तरी क्लच आहेच, तो दाबायचं सोडायचं काम मेकॅट्रॉनिक नावाचं युनिट करतं, ज्यात पंप, व्हॉल्व्ह, तेलाचा दाब साठवणारा अ‍ॅक्युम्युलेटर आणि कंप्युटर सगळं एकत्र कोंबलेलं आहे. आता सकाळी नऊ वाजताचा भूमकर चौक डोळ्यासमोर आण. पुढची गाडी दोन फूट सरकली, तू ब्रेक थोडा सोडलास, तुझी पण सरकली, परत ब्रेक. त्या प्रत्येक दोन फुटांना गाडी तुझ्या वतीने हाफ क्लच देत असते, बाईक घाटात हाफ क्लचवर धरून ठेवली तर जो वास येतो ना तोच प्रकार आत चालू असतो, फक्त तुला वास येत नाही आणि पायाला काही कळत नाही म्हणून वाटतं गाडी निवांत आहे.

आणि इथेच किलोमीटरचा आकडा फसवतो. मामा कोल्हापूर ते बेळगाव, कोल्हापूर ते पुणे असे हायवेवर फिरणारे असतील (तू लिहिलंयस त्यांचा धंद्यानिमित्त प्रवास असतो) तर सरासरी ताशी ५० तरी धर, म्हणजे १ लाख १० हजार किलोमीटरला २२०० तास झाले. तुझा मित्र वाकड हिंजवडी करतो, सरासरी ताशी १६ धरली तर त्याच्या ६० हजार किलोमीटरला ३७५० तास होतात. म्हणजे जिला आपण कमी चाललेली गाडी म्हणतोय ती प्रत्यक्षात मामांच्या गाडीच्या दीडपटीहून जास्त वेळ राबलीये, आणि तेही सगळं पहिल्या दुसऱ्या गिअरमध्ये, जिथे क्लच सतत लागतो सुटतो. मामांच्या गाडीने शिरोलीला हायवेला लागल्यावर सातवा टाकला असेल तो कराडपर्यंत फारसा काढावा लागला नसेल. आकडे मी अंदाजाने धरलेत, पण तू दोघांच्या डॅशबोर्डवर सरासरी वेग बघू शकतेस, या गाडीच्या ट्रिप कंप्युटरमध्ये तो दिसतो, मग तुझा तूच हिशोब कर.

मित्राचं दुखणं नशिबाचा भाग म्हणून सोडून देऊ नकोस हं, कारण या गिअरबॉक्सचा जगभरचा इतिहास त्याच्या बाजूने आहे. २०१३ च्या मार्चमध्ये चीनमध्ये फोक्सवॅगनला डीएसजीच्या दोषासाठी ३ लाख ८४ हजार गाड्या परत बोलवाव्या लागल्या, त्याच्या आधीच तिथे डीएसजीची वॉरंटी दहा वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर इतकी वाढवलेली होती. मग त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये जगभरातल्या सुमारे १६ लाख गाड्यांमधलं या सात गिअरच्या डीएसजीचं सिंथेटिक तेल काढून मिनरल तेल भरायचं जाहीर झालं, कारण त्या तेलामुळे गरम दमट हवेत गिअरबॉक्सच्या वीजपुरवठ्यात बिघाड व्हायची शक्यता होती. कंपनीने स्वतः मान्य केलेल्या या गोष्टी आहेत. तेल बदलल्यावरही कोरडा क्लच ट्रॅफिकमध्ये तापायचा राहत नाही, आणि अ‍ॅक्युम्युलेटर जिथे बसतो तिथे तडा जाऊन दाब पडायचा प्रकारही या गिअरबॉक्समध्ये सगळ्यांना माहितीये, तसं झालं की गिअर दाखवणारी अक्षरं लुकलुकायला लागतात आणि गाडी पुढे जायला नकार देते.

मामांनाही थोडं विचार. त्यांच्यावर अविश्वास दाखवायचा नाहीये, पण गाडीवर जीव असलेला माणूस खर्च मोजत नाही हे मी खूप जणांच्या बाबतीत बघितलंय. "काहीच प्रॉब्लेम नाही" असं म्हणणाऱ्या माणसाला सर्व्हिसची फाइल मागितली की त्यातून इग्निशन कॉइल निघते, सस्पेन्शनचे बुश आणि लिंक रॉड निघतात, कधी इंजिन माउंटिंग निघतं, आणि तो अगदी प्रामाणिकपणे म्हणतो की अरे ते तर होतंच की, तो कुठे प्रॉब्लेम आहे. त्याच्या हिशोबात प्रॉब्लेम म्हणजे गाडी टो करून नेणं. तुझ्या मित्राच्या हिशोबात डॅशबोर्डवर इपीसीचा, म्हणजे इंजिनाच्या इलेक्ट्रॉनिक्सचा इशारा देणारा दिवा लागला तरी तो प्रॉब्लेम. दोघांचं मोजमापच वेगळं आहे. म्हणून मालकाला "गाडी कशी आहे" असं विचारूच नये, त्याचं उत्तर प्रेमातून नाहीतर रागातून येतं. विचारायचं ते असं की गेल्या तीन वर्षांत गॅरेजला एकूण किती पैसे गेले, रोजचा रस्ता कोणता, गाडी कोण चालवतं, गॅरेज कोणतं, आणि एखादं काम कधी पुढे ढकललं का. या उत्तरांवरून तुला कळतं की त्याचं आयुष्य तुझ्यासारखं आहे का, कारण ज्याचा रस्ता आणि खिसा तुझ्यासारखा आहे त्याचाच अनुभव तुझ्या कामाचा.

आणि आता जे मला तुला खरं सांगायचंय ते. तू धरून चाललीयेस की मामांची गाडी भरवशाची आहे म्हणजे ती तुझ्याकडे आल्यावरही भरवशाची राहील. तसं होईलच असं नाही. तो भरवसा गाडीत जेवढा आहे तेवढाच मामांच्या रस्त्यात आहे, त्यांच्या पायात आहे आणि उद्यमनगरातल्या त्या मेकॅनिकमध्ये आहे ज्याच्याकडे (तूच लिहिलंयस) मामा पहिल्यापासून जातात. यातलं काहीच गाडीबरोबर चिंचवडला येणार नाही. डांगे चौक ते हिंजवडी रोज करायला लागलीस तर वर्ष दीड वर्षात तुझी गाडी तुझ्या मित्राच्या गाडीसारखी वागायला लागली तर मला नवल वाटणार नाही, आणि तेव्हा मामा खोटं बोलले असं तुला वाटेल, जे अगदी चुकीचं असेल.

त्यामुळे माझं उत्तर तुझ्या येण्याजाण्यावर अवलंबून आहे. पत्रात तू जाता जाता लिहिलंयस की कंपनीची बस डांगे चौकात थांबते पण सकाळी लवकर निघावं लागतं म्हणून तुला नको वाटते. तू ते एक ओळीत उडवून लावलंयस, पण मला ती पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ वाटली. ते तीन दिवस बसने जायची तुझी तयारी असेल आणि गाडी शनिवार रविवार, कोल्हापूर, कोकण, महाबळेश्वर यासाठी असेल तर हो, मामांची गाडी घे, तपासून घे पण घे, त्या किमतीत चालवायला एवढी सुंदर आणि माहितीतली दुसरी गाडी सहज मिळणार नाही. आणि रोज हिंजवडीला गाडीनेच जायचं नक्की असेल तर नको घेऊस, मामांची तर नकोच, आणि दुसऱ्या कोणाची २०१३ ते २०२० मधली डीएसजी पोलोही नको. मग तू २०२० ते २०२२ मधली १ लिटर टीएसआय बघ, मॅन्युअल नाहीतर टॉर्क कन्व्हर्टर. बजेट बऱ्यापैकी वाढवावं लागेल हे खरंय, जुन्या बाजारात तिला अजून चांगली मागणी आहे, पण तिचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स तेलात चालतो आणि सरकत सरकत जायचं ट्रॅफिक त्याला मानवतं. चौथा सिलिंडर नाहीये म्हणून थोडी थरथर जाणवेल, पळायला कुठेच कमी नाही.

तुझ्यासारखाच प्रश्न असलेल्या बाकीच्या वाचकांसाठी इथे एक गोष्ट सांगून टाकतो, नाहीतर लोकांना वाटेल हे फक्त जुन्या पोलोचं रडगाणं आहे. कोरड्या दोन क्लचचा गिअरबॉक्स आजच्या नव्या गाड्यांमध्येही आहे. ह्युंदाईच्या आय२० एन लाइनचा सात गिअरचा डीसीटी (दोन क्लचवाल्याचंच दुसरं नाव) याच जातीचा, आणि फोक्सवॅगनच्या व्हर्टस, टायगुन, स्कोडाच्या स्लाव्हिया, कुशाक यांच्या १.५ टीएसआयला जो डीएसजी येतो तो याच जुन्या घराण्यातला सुधारलेला आहे. नवीन गाडीला वॉरंटी असते म्हणून लगेच घाबरायचं कारण नाही, पण तुमचा रोजचा रस्ता घोडबंदर किंवा हिंजवडी असेल तर शोरूममध्ये सनरूफ बघण्याआधी गिअरबॉक्स कोणता ते विचारा, आणि याच गाड्यांच्या १ लिटर इंजिनला टॉर्क कन्व्हर्टर मिळतो तो निदान चालवून बघा. एक्स्टेंडेड वॉरंटी घ्यायची तर पहिली वॉरंटी संपायच्या आत घ्या, नंतर मागे लागून उपयोग होत नाही.

आता तू घ्यायचं ठरवलंस असं धरून चालू. मामांना सरळ सांग की मामा, मी गाडी एकदा दाखवून घेते. वाईट वाटून घ्यायचं त्यात काही नाही, उलट मामांनाही बरं वाटेल की नंतर बोलायला जागा राहिली नाही. कोल्हापुरात किंवा पुण्यात फोक्सवॅगन स्कोडाचंच काम करणारा स्वतंत्र गॅरेजवाला शोध ज्याच्याकडे व्हीसीडीएस किंवा कंपनीचं ओडिस हे स्कॅनर आहे, साधा ओबीडीचा डब्बा (कुठल्याही गाडीला लागणारा स्वस्त स्कॅनर) नको, त्याला गिअरबॉक्सचं आतलं फारसं दिसत नाही. त्याला सांग की गिअरबॉक्सचे जुने आणि आत्ताचे फॉल्ट कोड काढ आणि दोन्ही क्लचचं तापमान आणि झीज याच्या नोंदी दाखव, कारण क्लच किती तापत गेलाय हे गिअरबॉक्सचा कंप्युटर लक्षात ठेवतो. मामा म्हणतात हायवे, ती नोंद पण हायवेच म्हणते का ते बघ. आणि स्कॅनच्या आधी कोणीतरी कोड पुसून ठेवलेत असं दिसलं तर गाडी मामांची असली तरी विचार की कोणी आणि कधी.

चालवून बघताना हायवेला नेऊ नकोस, तिथे ही गाडी कायम छानच वाटणार. हळू चालव. पहिल्यावरून दुसऱ्यावर जाताना आणि थांबता थांबता दुसऱ्यावरून पहिल्यावर येताना थरथर होते का, थोड्या चढावर रिव्हर्स घेताना गाडी गचके देते का, गर्दीत वीस पंचवीस मिनिटं चालवून गरम झाल्यावर वागणं बदलतं का, हे बघ. रिव्हर्स मुद्दाम सांगतोय कारण रिव्हर्स आणि दुसरा गिअर एकाच क्लचवर आहेत, तिथे दोन्हीकडे थरथर असेल तर तो क्लच बोलतोय असं समज. खराब रस्त्यावर पुढून टकटक आली तर ती बहुतेक लिंक रॉड किंवा बुश, तो खर्च झेपणारा आहे, त्यासाठी गाडी सोडू नकोस पण भाव करताना हिशोबात धर. एसी पूर्ण लावून उन्हात उभी कर आणि थंडावा टिकतो का बघ.

पैशाचं म्हणशील तर गाडी साडेतीन लाखाची नाही, पाच लाखाची आहे असं धर. वरचे दीड लाख बँकेत वेगळे टाकून ठेव आणि त्याला हात लावू नकोस, मेकॅट्रॉनिक किंवा क्लच गेला तर तेच कामी येतील, नाही गेला तर तुझेच आहेत. इन्शुरन्स अपघाताला असतो, आपोआप बिघडलेल्या गिअरबॉक्सला नसतो, हे खूप जणांना वेळ आल्यावर कळतं. ज्याच्याकडे ते दीड लाख बाजूला ठेवायला नाहीत त्याने ही गाडी घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे, कारण ईएमआय चालू आणि गाडी गॅरेजला उभी ही अवस्था फार जीव खाते. आणि गेलाच गिअरबॉक्स तर लगेच पूर्ण युनिट बदलायला हो म्हणू नकोस, अ‍ॅक्युम्युलेटरचा भाग तेवढा बदलून देणारे चांगले लोक आहेत, आधी नेमकं काय गेलंय ते स्कॅनचा रिपोर्ट हातात घेऊन विचार.

नात्यातला व्यवहार आहे म्हणून कागद ढिले ठेवू नकोस. गाडी नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या, आरसी तुझ्या नावावर, आणि गाडी नावावर झाल्यापासून १४ दिवसांच्या आत इन्शुरन्स तुझ्या नावावर करून घे, मामांचा नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल प्रीमियमवर मिळणारी सूट) मामांचाच राहतो, तो तुला मिळत नाही म्हणून प्रीमियम जरा वाढेल. गाडी २०१५ ची आहे, २०३० मध्ये पंधरा वर्षं होतील आणि रजिस्ट्रेशन पुन्हा करावं लागेल, तेही डोक्यात असू दे. भाव बाजारात दोन तीन ठिकाणी विचारून मगच ठरव, मामा भाची म्हणून कमी देत असतील तर प्रेमाने घे, पण घेताना दोघांच्या तोंडून एकदा स्पष्ट निघू दे की यापुढे गाडीला काही झालं तर ते तुझं. मला गिअरबॉक्सपेक्षा याची जास्त काळजी वाटते. गाडी सहा महिन्यांत बिघडली तर तू मामांना फोन करून सांगशील का? मोकळेपणाने सांगू शकशील, हसत हसत, की "मामा, तुमच्या लाडकीने खर्चात पाडलं बघा", तर घे. आणि मनात म्हणशील मामांनी गळ्यात मारली आणि दिवाळीला जायचं टाळशील, तर बाजारातल्या अनोळखी माणसाकडून घेतलेली बरी. तू लिहिलंयस की गाडी चालवायला मामांनीच शिकवलं, याच गाडीवर. म्हणजे तुला पोलो हवीये की मामांची गाडी हवीये, हे पण एकदा स्वतःला विचार, दोन्हीतलं काहीही असलं तरी त्यात वावगं काही नाही, फक्त मामांची गाडी हवी असेल तर ती रोजच्या कामाला जुंपायची गरज नाही हे तुझं तुलाच पटेल.

बाबांचं राहिलं. "मुलीला कशाला" हे मला अजिबात पटलेलं नाही आणि तू त्यांना तसं सांगितलंस तर माझा तुला पाठिंबा आहे, गाडी चालवायची आवड मुलगा मुलगी बघून येत नाही. पण त्या वाक्याच्या मागे बहुतेक ही भीती आहे की रात्री खंबाटकीत गाडी बंद पडली आणि पोरगी एकटी असली तर काय, आणि ती भीती खोटी म्हणता येत नाही. तिला उत्तर दे. वर्षाचं रोडसाइड असिस्टन्स घे आणि नंबर बाबांच्या फोनमध्येही टाक, कोल्हापूरला निघायच्या आधी टायर आणि बॅटरी बघून घेत जा, गिअरची अक्षरं लुकलुकली तर रेटत न्यायची नाही, बाजूला घेऊन थांबायचं हे त्यांच्यासमोर कबूल कर. आणि त्यांना हेही सांग की २०१४ मध्ये गाड्यांची टक्कर चाचणी करणाऱ्या ग्लोबल एनकॅप या संस्थेने भारतातली पोलो आदळून बघितली तेव्हा दोन एअरबॅगवाल्या पोलोला मोठ्यांच्या सुरक्षेसाठी चार स्टार मिळाले होते, बिनएअरबॅगवालीला शून्य, आणि त्यानंतर कंपनीने बिनएअरबॅगची पोलो विकणंच थांबवलं. मामांच्या गाडीत दोन्ही एअरबॅग आहेत. मारुतीला बाबा साधी म्हणतात ते दुरुस्तीच्या बाबतीत खरंय, गावोगावी पार्ट मिळतात, कोणीही उघडतो, तो मुद्दा त्यांना मोकळ्या मनाने देऊन टाक.

चालवायच्या सवयींचं थोडं. गर्दीत पुढच्या गाडीला चिकटून इंच इंच सरकू नकोस, जागा होऊ दे आणि मग एकदाच पुढे जा, मागचा हॉर्न मारेल तर मारू दे. थांबलीस की ब्रेक पूर्ण दाब, अर्धवट दाबून ठेवलास तर क्लच अर्धवट लागलेला राहतो. चढावर अ‍ॅक्सिलरेटरवर गाडी तोलून धरायची नाही, ब्रेकवर धरायची. पेट्रोल सध्या सगळीकडे ई२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं मिळतं आणि पोलो त्याच्या नियमाआधीची आहे, मायलेज थोडं कमी लागेल, पाइप आणि गॅस्केटवर सर्व्हिसला नजर ठेवायला सांग, आणि बसने जायला लागल्यावर गाडी आठवडेच्या आठवडे जुन्या पेट्रोलवर उभी ठेवू नकोस. ऑइल वेळेवर, ठरलेल्या ग्रेडचं, टर्बो इंजिन आहे, तिथे पैसे वाचवायचे नाहीत.

आणि गाडी बघायला कोल्हापूरला जाशील तेव्हा आदल्या रात्रीच मामांना सांगून ठेव की सकाळी मी यायच्या आधी गाडी सुरू करू नका. पाहुणा येणार म्हणून लोक गाडी गरम करून ठेवतात आणि मग थंड इंजिनाचा आवाज आणि थंड गिअरबॉक्सचं पहिलं रिव्हर्स बघायचं राहून जातं. पहिली किल्ली तूच फिरव.